एका श्वासाचा चरण

गुरुजी,

तुमची तपकिरीची डबी आज पुन्हा आठवली. आठवण्याचं कारण तुम्हाला तोंडावर सांगायची माझी छाती झाली नसती, म्हणून लिहायला बसलो आहे. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली. एवढ्या काळात तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहितोय ती टोकियोतून, कोतो नावाच्या भागातल्या एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावरून. या इमारतीच्या लिफ्टमध्ये 'बाल्कनीत धूम्रपान करू नये' अशी पाटी आहे, जपानी, इंग्रजी आणि चिनी भाषेत. संस्कृतात नाही, त्यामुळे ती आपल्याला लागू नाही असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. एका बँकेची संगणकयंत्रणा सांभाळतो. शब्द चालवायला शिकवलेत तुम्ही, आणि मी आकडे चालवतो. पण चालवतो नीट, एवढं तुमच्या कानावर घालतो.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. पुढची खोली तुम्ही शिंप्याला भाड्यानं दिलेली, म्हणून शिकवणी चुलीपाशी. भिंतीला पाठ टेकून तुम्ही बसलेले, पलीकडून शिलाईयंत्राची खडखड, काकू फुंकणीनं जाळ धरताहेत आणि मी डोळे चोळत अनुमान शिकतोय. डोंगरावर धूर दिसला, अर्थात तिथे अग्नी असणार. "आणि वाफेला धूर समजलास तर?" तुम्ही विचारता. भाताच्या पातेल्यावरचं झाकण काकूंनी नेमकं त्याच क्षणी उचललेलं असतं. "तर तू गाढव," तुम्ही म्हणता, आणि डबी उघडून चिमूटभर तपकीर ओढता. त्या धड्याची उलटी चूक मी पन्नाशी ओलांडल्यावर केली, गुरुजी. मी वाफेला वाफच समजलो, आणि म्हणून ती निरुपद्रवी आहे असंही समजलो.

पण आधी दंडक. तुम्ही स्वतः रचलेला, गावच्या देवीवरचा. साध्या श्लोकाचा चरण कुणीही म्हणेल. दंडकाचा चरण मारुतीच्या शेपटासारखा, संपता संपत नाही. तुमचा नियम एकच, अख्खा चरण एका श्वासात. "मध्ये श्वास तुटला की देवी उठून जाते," असं म्हणायचात. एकोणिसाव्या वर्षी, कॉलेजात जाऊन सिगारेट शिकून आलेला मी तोंडात दोन वेलदोडे ठेवून तुमच्यापुढे बसलो होतो. तुमचं नाक तपकिरीनं केव्हाच मेलेलं, त्यामुळे माझं काय बिघडणार? मी चरण सुरू केला आणि निम्म्यात तुटला.

"पुन्हा म्हण."

पुन्हा तुटला, त्याच जागी.

"सर्दी झालीय, गुरुजी."

"सर्दीचा श्वास नाकात अडतो. तुझा छातीत अडतोय." तुमचे डोळे मिटलेलेच होते. "कुठली ओढतोस?"

सुटका केली ती काकूंनी. चुलीपुढून मान न वळवता म्हणाल्या, "विचारणारे बघा कोण! धोतराचा सोगा तपकिरीनं माखलाय."

"मी बिडी सोडलीय, हो. बारा वर्षं झाली."

"सोडलीत कुठे? छातीतली नाकात नेलीत."

तुम्ही डबी कनवटीला लावलीत आणि मला म्हणालात, "खोटं बोलायला श्वास लागत नाही. हा चरण म्हणायला लागतो. उद्या ये." ना आवाज चढवलात, ना शिकवणी बंद केलीत. तो राग मला रागावण्यापेक्षा जड गेला, पण सिगारेट सुटण्याइतका नाही.

ती पुढची तीस-बत्तीस वर्षं चालली. इथे आल्यावर तर तिला शिस्त लागली. इथे रस्त्यावर ओढता येत नाही, त्यासाठी काचेच्या खोल्या असतात, आणि त्या खोल्यांत दहा-बारा सभ्य माणसं एकमेकांकडे न बघता गुरुकुलातल्यासारखी उभी असतात. दिवसाला दहा, फार तर बारा. या वैशाखात सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, म्हणून बायको दोन महिन्यांसाठी पुण्याला निघाली. निघताना विमानतळावर ती मला काहीच बोलली नाही, आमच्या लेकीला बोलली. "तुझ्या बाबाच्या खोकल्याकडे लक्ष ठेव." लेक चौदा वर्षांची आहे. ती इथेच वाढली. मराठी समजते सगळं, उत्तर मात्र अर्ध्या वेळा जपानीत देते. त्या रविवारी तिनं माझ्यापुढे हात पसरला. मी पाकीट दिलं. इथे कचराही वर्ण पाहून टाकावा लागतो, तेव्हा तिनं पाकिटाचं प्लास्टिक एका पिशवीत, पुठ्ठा दुसऱ्या, तंबाखू तिसऱ्या पिशवीत घातली. लायटर टाकायचा वार निराळा, म्हणून तो पंधरा दिवस चपलांच्या कपाटावर तसाच राहिला. "सोडलीस ना?" तिनं विचारलं. "सोडली," मी म्हणालो, आणि ते शब्दशः खरं होतं. त्या दिवसापासून मी सिगारेट ओढलेली नाही.

तिसऱ्या दिवशी मी वाफेचं यंत्र आणलं. बोटभर लांब, पेनासारखं दिसणारं; आत पातळ द्रव्य भरायचं, ओढलं की तापून त्याची वाफ होते. इथल्या दुकानांत निकोटिन नसलेलंच द्रव्य मिळतं. निकोटिनवालं स्वतःपुरतं परदेशातून मागवावं लागतं. मी मागवलं. एवढ्या वर्षांची सवय आहे, तिला हलकं कसं चालेल, असा विचार करून त्यातलं सगळ्यात जहाल मागवलं. जळत काही नाही, राख नाही, वास म्हणाल तर पुदिन्याचा. अग्नी नाही तिथे दाह कुठला? तर्कशास्त्र पक्कं होतं, गुरुजी. फक्त तर्क करणाऱ्याला तलफ आलेली होती.

पहिल्या आठवड्यात मुखशोष. दुसऱ्यात कास, म्हणजे सिगारेट ओढताना नव्हता एवढा खोकला. मग शिरःशूल, भ्रम, सकाळी उठल्यावर हृल्लास. संस्कृतात सांगितलं की दुखणंसुद्धा घरंदाज वाटतं. मराठीत सांगायचं तर तोंडाला कोरड पडायची, घसा खरवडून निघायचा, डोकं ठणकायचं, गरगरायचं आणि मळमळायचं. चहाची चव गेली. जिभेच्या कडेला फोड आला. मीटिंगमध्ये दर दोन वाक्यांनंतर पाण्याचा घोट घ्यायचो, तेव्हा शेजारचा सहकारी आदबीनं खोकल्याच्या गोळ्या पुढे सरकवायचा, आणि मी वाकून आभार मानून त्याच गोळ्या चघळत जिन्यात जाऊन पुन्हा ओढायचो. खरी गोम तिथे होती. सिगारेट संपते. कितीही वाईट असली तरी ती जळत बोटांपर्यंत येते आणि सांगते, आता पुरे. या वाफेला शेवटचं पान नाही. जिन्यात दोन झुरके, लिफ्टची वाट बघताना एक, घरी न्हाणीघरात नळ सोडून चार. दहा सिगारेटींचा हिशेब मला तोंडपाठ होता. याचा मी कधी ठेवलाच नाही. आणि त्रास वाढला की वाटायचं, तलफ भागत नाहीये म्हणून होतंय. मग आणखी ओढायचो.

तो शनिवार. सकाळचे नऊ. मी कांदा चिरत होतो, पोह्यांसाठी, आणि छातीत कुणीतरी पळायला लागलं. धडधड नव्हे, पळापळ. हाताला घाम, पण गार. मी ओट्याची कड धरली. सुरी सिंकमध्ये पडली त्या आवाजानं लेक बाहेर आली.

"बाबा?"

"काही नाही. कांदा."

"कांद्यानं ओठ पांढरे होत नाहीत." तिच्या हातात फोन होता. "एकशेएकोणीस लावू? अँब्युलन्स?"

"नको, नको. बसतो जरा."

बसलो. पळणारा बसला नाही. दहा मिनिटांनी जरा ओसरलं तेव्हा ती माझे बूट घेऊन पुढे उभी होती. दोन चौक पलीकडे एक दवाखाना आहे, शनिवारी दुपारपर्यंत उघडा. ती सायकल हातात धरून चालत होती, मी दुसऱ्या बाजूनं सीटवर हात ठेवून. रस्ता रोजचाच, पण मला प्रत्येक विजेचा खांब मोजावासा वाटत होता. यंत्र माझ्या खिशात होतं. ते मांडीला लागत होतं आणि मी सगळ्या वाटेत फक्त एवढाच विचार करत होतो की हे तिला दिसता कामा नये. छातीचा विचार त्याच्या नंतर.

इथे डॉक्टरला भेटण्याआधी एक लांबलचक प्रश्नपत्रिका भरून द्यावी लागते. माझं जपानी कचेरीपुरतं आहे. यकृत आणि ओकारी ऑफिसात सहसा येत नाहीत. म्हणून पाटी तिच्या मांडीवर, पेन तिच्या हातात. ती वाचते, मराठीत विचारते, लिहिते. कुठे दुखतं? कधीपासून? घरात कुणाला हृदयविकार? "आजोबांना ना?" हो. दारू? "कधीकधी," ती स्वतःच म्हणाली आणि खूण केली. पुढचा प्रश्न तिनं मला विचारलाच नाही. तंबाखू. दोन चौकोन होते. तिनं 'नाही'च्या चौकोनात खूण केली आणि माझ्याकडे बघून किंचित हसली, घाबरलेल्या चेहऱ्यानं, पण हसली. त्या खुणेचा तिला अभिमान होता, गुरुजी.

खूण मी तशीच राहू दिली.

परिचारिकेनं कागद नेला. मला आत बोलावलं, छातीला गार चकत्या लावल्या, आलेख काढला. लेक पडद्याबाहेर; तिचे पांढरे मोजे खालून दिसत होते, एकाचा अंगठा दुसऱ्यावर. डॉक्टर साठीचे, तुमच्यासारखे डोळे मिटून ऐकणारे. त्यांनी आलेख पाहिला, माझा कागद पाहिला, पुन्हा आलेख पाहिला. लेकीला आत घेतलं आणि हळूहळू बोलले. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

"बाबा, ते म्हणतात की हार्ट खूप फास्ट आहे, पण कारण दिसत नाही. सिगारेट नाही, औषध नाही, मग का? म्हणून मोठ्या हॉस्पिटलला पाठवतात. आजच. तिथे कदाचित ठेवून घेतील." ती थांबली. "ते विचारतायत, घरी दुसरं कोण मोठं आहे का. मी नाही म्हटलं. आईला फोन करू?"

पुण्यात तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले असतील. सासूबाईंच्या उशाशी बसलेली बायको फोन उचलणार, आणि पलीकडून चौदा वर्षांची मुलगी सांगणार की बाबाच्या हृदयाला काहीतरी झालंय आणि कुणालाच कारण माहीत नाही. कारण माझ्या खिशात होतं. तिचं बोट फोनवर होतं. माझा श्वास निम्म्यात तुटला होता, त्याच जागी.

"थांब," मी म्हणालो आणि यंत्र काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. "त्यांना सांग, हे आहे. पाच आठवडे झाले. निकोटिनचं, सगळ्यात जहाल. दिवसभर ओढतो. आज सकाळीही, उठल्यापासून."

तिनं यंत्राकडे पाहिलं. "हे तुझं पेन आहे ना?" तिनं विचारलं. मग तिचं तिलाच उत्तर मिळालं. "उसो," ती पुटपुटली. इथली पोरं हा शब्द आश्चर्य वाटलं तरी म्हणतात आणि कुणी खोटं बोललं तरी. मग ती डॉक्टरांकडे वळली, पाठ ताठ केली आणि सगळं सांगितलं. इथे परक्यापुढे आपल्या बापाचा उल्लेख साध्या, मान न देणाऱ्या शब्दानं करायची रीत आहे. तिनंही तोच वापरला, रीत म्हणून. पण मला वाटलं, आज तो अगदी मापाचा बसलाय. स्वतःच्या बापाचं खोटं परक्या माणसाला परक्या भाषेत समजावून सांगताना ती एकदाही अडखळली नाही. शेवटी तिनं तो कागद मागून घेतला, आपली खूण दोन रेघांनी खोडली आणि शेजारच्या चौकोनात नवी केली. रेघा पट्टीनं मारल्यासारख्या सरळ.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, दिवसातून किती वेळा? मला सांगता येईना. "तेच," ते म्हणाले. मला तिथेच दोन तास झोपवून ठेवलं, पुन्हा आलेख काढला; पळणारा चालायला लागला होता. मग त्यांनी सांगितलं ते लेकीनं मराठीत आणलं, माझ्याकडे न बघता: निकोटिन जास्त झालंय. आज अजिबात ओढायचं नाही. मळमळ, डोकं, धडधड त्याचंच. तोंड आणि घसा वाफेनं कोरडा पडतो, पाणी पी. खोकला काही अंशी जुन्या धुराचाही असेल, पण छातीचा फोटो काढायचाच. पुन्हा धडधडलं तर कांदा चिरत बसू नकोस, अँब्युलन्स बोलव. आणि हे सोडायला मदत करणारा वेगळा दवाखाना असतो, तिथे जा. सवय एका भांड्यातून दुसऱ्यात ओतू नकोस. हे शेवटचं डॉक्टर म्हणाले की ती, मी विचारलं नाही. काकू आठवल्या.

परत येताना ती सायकलवर बसली आणि सावकाश पुढे गेली. प्रत्येक सिग्नलला माझ्यासाठी थांबायची आणि मी पोहोचलो की निघायची. घरी आल्यावर म्हणाली, "आईला तू सांगायचंस. मी नाही." सांगितलं. बायको म्हणाली, "पोरीला अनुवादाला नेलंस?" त्यापेक्षा तिनं आरडाओरडा केला असता तर चाललं असतं.

दोन दिवस लेक माझ्याशी जपानीत बोलली, आणि तेही जेवणापुरतं. तिसऱ्या दिवशी मी तिला तुमची गोष्ट सांगितली. वेलदोडे, मेलेलं नाक, एका श्वासाचा चरण, आणि डोळे मिटून तुम्ही छातीतला धूर कसा ऐकलात ते. ती पहिल्यांदा हसली ती काकूंच्या वाक्याला. मग म्हणाली, "तू आता 'नाही ओढली' म्हटलंस तर मला कळणार नाही, खरं की उसो. पण ते लाँगवालं म्हण. रोज. मी ऐकते."

तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसातला, भात शिजत असताना, मी ओट्यापाशी उभा राहून तुमचा चरण म्हणतो. ती टेबलाशी डोळे मिटून बसते. अर्थ तिला ठाऊक नाही, गण-मात्रा ठाऊक नाहीत. त्या वेगळ्या दवाखान्यात मी जातो. निकोटिनची पट्टी लावून देतात, ती दर काही आठवड्यांनी लहान होत जाणार आहे. यंत्र तिनं वार बघून टाकलं. घशाची कोरड गेली, खोकला उतरतोय, चहा पुन्हा चहासारखा लागतो. झोप मात्र विस्कटली आहे आणि चिडचिड फार होते. परवा मी राइसकुकरवर ओरडलो. चरण रोज तुटतो, पण तुटायची जागा रोज थोडी पुढे सरकते, आणि ती फक्त म्हणते, "ओके. उद्या."

काल मात्र जमला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुठे खळ नाही. माझा मलाच आनंद झाला. तिनं डोळे उघडले.

"मध्ये घेतलास ना?"

"काय?"

"श्वास. नाकानं. तिथे, म्-म् करतोस त्यानंतर."

भात उकळत होता. झाकण थडथडत होतं. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, आणि तिला तो चौकोन आठवला असेल तसा मलाही आठवला. "घेतला," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली, आणि उठून ताटं घेतली. "मग उद्या."

गुरुजी, ती जागा तुम्हाला माहीत आहे. चरणाच्या मध्यावर अनुस्वार लांबवायचा असतो, ओठ मिटलेले असतात, आणि त्या आडून नाकानं हवा आत घेता येते, चिमूटभर, तपकिरीसारखी. मी ती युक्ती काल शोधली नाही. तुमच्या शेवटच्या नवरात्रात, देवीच्या मांडवात, सगळ्या गावासमोर मी चरण एका श्वासात म्हटला आणि तुम्ही आचमनाची तुमची तांब्याची पळी माझ्या हातात ठेवलीत. "पुढच्या नवरात्रात पुन्हा ऐकेन," म्हणालात. मला तेव्हा तो आशीर्वाद वाटला होता. पुढच्या नवरात्राला तुम्ही नव्हता. तुम्हाला तेव्हा ऐकू आलं होतं की नाही, हे मी एकतीस वर्षं स्वतःला विचारलं नाही. पळी इथे भांड्यांच्या फळीवर आहे. गणपतीत तेवढी निघते, आणि लोक विचारतात तेव्हा मी ती कशी मिळाली ते रंगवून सांगतो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक होतं. म्हणून तर एवढं लिहू शकलो. साडेसात वाजत आलेत. ती टेबलाशी येऊन बसली आहे.

त्या नवरात्रातला चरण दोन श्वासांचा होता.